पोकळीचा जोर

डबा आमटीचा होता आणि तो बायकोच्या मांडीवर होता. आमच्या घरापासून तिसऱ्या चौकात स्टॉपची पाटी आहे. वीस वर्षं त्या पाटीपाशी थांबतोय, त्यामुळे पाय आपोआपच ब्रेकवर गेला. दाबला नाही, नुसता टेकवला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली, पुढची चाकं किंचाळली, डबा मांडीवरून सुटला आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर आपटला. झाकण निघालं नाही, ही आमच्या जुन्या स्टीलच्या डब्याची पुण्याई. पण कडेने जेवढी आमटी यायची तेवढी आलीच.

"हेच ना ते तुझं अपग्रेड?" ती म्हणाली.

हेच ते. त्यावर मी अख्खा शनिवार घालवला होता.

गाडी १९७२ची, डॅटसन २४०झेड. मी सॅन होजेला राहतो, दिवसभर स्क्रीनसमोर बसून पोट भरतो आणि हाताला काळं लागावं म्हणून ही गाडी पाळली आहे. पाळली हाच शब्द बरोबर, कारण तिला दूधदुभत्याच्या जनावरासारखं रोज बघावं लागतं. जपानात हिला फेअरलेडी म्हणायचे. अमेरिकेत डॅटसनचा कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांना ते नाव इथे चालेलसं वाटेना, म्हणून बिल्ला बदलून नुसता आकडा आणि अक्षर ठेवलं. २,३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, कागदावर १५१ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या जरासं वर, आणि सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. त्या पैशात एवढं पळणारं दुसरं काही मिळत नव्हतं. १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहतांनी याच मॉडेलवर जिंकली. आफ्रिकेच्या चिखलात आणि धुळीत एक मेहता ही गाडी हाकतोय, हे चित्र मला आजही भारी वाटतं.

तर अशी पळणारी गाडी. थांबण्याचं मात्र निराळं.

मी घेतली तेव्हा पेडल खोल जायचं. आधीच्या मालकाने पुढे टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला आवळणारे चिमटे, बसवले होते. झेडवाल्यांत हा फार जुना, फार लोकप्रिय उद्योग. कॅलिपर जवळजवळ सरळ बसतात, स्वस्त पडतात आणि चाकाच्या आत डोकावलं की भरदार दिसतात. पण मोठ्या पिस्टनना हलवायला ब्रेक ऑइलही जास्त लागतं, आणि ते ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच जुना, ७/८ इंच बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा. घागर मोठी आणली, तांब्या तोच ठेवला. मग तांब्या जास्त वेळा बुडवायचा, म्हणजे पाय जास्त खोल न्यायचा.

त्यात बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला जोड देणारा डबा, गेलेला. हे कळायला काही यंत्र लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, ते दगडासारखं झालं की दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर धड असेल तर पेडल पायाखाली अलगद थोडं खाली सरकतं. माझं जागचं हललं नाही. वर ब्रेक दाबला की पेडलच्या मागून साप सोडल्यासारखा फुस्स आवाज आणि इंजिनला हुडहुडी. बॉनेट उघडून पाहिलं तर बूस्टरच्या पोटाखालचा रंग सोलपटून निघालेला. ब्रेक ऑइल रंग खातं. म्हणजे मास्टर सिलिंडर मागच्या सीलमधून गळत होता, आणि जे बाहेर दिसत होतं त्याहून जास्त आत जाऊन बूस्टरचा पडदा कुजवत होता. दोघांनाही निरोप द्यायची वेळ आली होती.

इथे शहाण्या माणसाने जे होतं तेच नवं आणून बसवलं असतं.

बूस्टर म्हणजे फायरवॉलला, इंजिन आणि आपल्यामधल्या पत्र्याला, चिकटलेला तो काळा, पातेल्यासारखा गोल डबा. निस्सानच्या मॅन्युअलमध्ये त्याचं नाव मास्टर-व्हॅक. आत मधोमध एक रबरी पडदा असतो. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी, इंजिनने आपल्या श्वासाबरोबर ओढून घेतलेली. पाय पडला की मागच्या बाजूला एक झडप उघडते आणि बाहेरची हवा आत शिरते. पुढे पोकळी, मागे हवा, मग पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर मास्टर सिलिंडरचा दांडा. पोकळी ओढते असं आपण सहज म्हणतो, पण पोकळीला हात नसतात. शहाळ्याच्या नळीतून पाणी वर येतं ते तोंडाने ओढल्यामुळे नव्हे, बाहेरच्या हवेने वर ढकलल्यामुळे. इथेही तेच. मीटरवर माझं इंजिन मंद चालीला १८ इंच पारा दाखवतं, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६०० ग्रॅमचा जोर. २० सेंटीमीटर व्यासाचा पडदा धरला तर एकूण १९५ किलोच्या आसपास. २३ सेंटीमीटरचा धरला तर अडीचशेच्या वर. फक्त तीन सेंटीमीटरने साठ किलो वाढले. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र शाळेत पाठ केलं होतं ते असं गॅरेजमध्ये अंगावर येतं.

बेल्जियमच्या आल्बर्ट डेवांद्र यांनी १९२०च्या दशकात ही युक्ती रुळवली, आणि १९२८मध्ये अमेरिकेच्या पिअर्स-अ‍ॅरो मोटारीत ती दिसली. इंजिन नाहीतरी हवा ओढतच असतं, त्या फुकटच्या ओढीला कामाला लावायचं. यात मला आपल्याकडच्या आज्यांचा काटकसरीपणा दिसतो. चुलीच्या उरलेल्या धगीवर अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या आज्यांचा.

मामांच्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे जुन्या फियाटमध्ये, यातलं काही नव्हतं. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि ते आवळायला मामांचा पाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरायचा. मागच्या सीटवरून मला मामांचा उजवा गुडघा दिसायचा. वळण जवळ आलं की तो गुडघा ताठ व्हायचा आणि मामा सीटवरून चार बोटं वर उठायचे. पेडलवर पाय नव्हे, अख्खा माणूस. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर," हे तेव्हा ड्रायव्हिंगचं ज्ञान होतं, आणि ते मला गाडी शिकायच्या आधी दहा वर्षं मिळालं होतं.

मी बूस्टर बदलतोय म्हटल्यावर मामा फोनवर म्हणाले, "अरे, टनभराची तर गाडी. तिला कशाला पाहिजे बूस्टर?"

"मामा, तुम्हाला आठवतंय का, तुम्ही उभे राहायचात ब्रेकवर?"

"मग? थांबायची की नाही?"

थांबायची. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून नाही.

मी ठरवलं असं. मास्टर सिलिंडर याच घराण्यातल्या १९७९ ते ८१च्या २८०झेडएक्सचा घ्यायचा, १५/१६ इंची. तो थेट बसतो. बोअर इंचाच्या सोळाव्या भागाने मोठा, पण क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे तितक्याच दांड्याच्या चालीत १५ टक्के जास्त ऑइल. पेडल वर येणार. पण देवाने एका हाताने दिलं की दुसऱ्या हाताने घेतो. तेवढ्याच जोराला दाब मात्र सुमारे १३ टक्क्यांनी कमी. पेडल छान वर, टणक, आणि गाडी मात्र पूर्वीपेक्षा उशिरा थांबते. पुष्कळ जण इथे फसतात. टणक पेडल म्हणजे चांगला ब्रेक असं त्यांना वाटतं. काही जण उलट फसतात, हलकं पेडल म्हणजे चांगला ब्रेक असं समजून. मी पहिल्या प्रकारात फसायचं नाही म्हणून सावध होतो. कमी झालेला दाब भरून काढायला नंतरच्या २८०झेडचा मोठा बूस्टर शोधला. भंगाराच्या आवारात एका गाडीवर मिळाला. चेपलेला नव्हता, तोंडाने ओढून धरला तर पोकळी टिकत होती. चाळीस डॉलर.

जुना बूस्टर काढताना जे हाल झाले ते थोडक्यात सांगतो. बूस्टर इंजिनच्या बाजूने दिसतो, पण त्याचे चार नट आतून, पेडलच्या मागे. म्हणजे सीटवर उलटं निजायचं, पाय पाठटेकीवर, डोकं ब्रेक आणि क्लचच्या मध्ये, तोंडात टॉर्च. वयाच्या पन्नाशीत हे आसन कुठल्याही योगवर्गात शिकवत नाहीत. वरचा एक नट बोटांना लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. त्या नटाला पाऊण तास गेला.

आता माझा गुन्हा. भंगारातून आणलेला बूस्टर टेबलावर ठेवून मी साफ करायला घेतला. पुढच्या बाजूला, मास्टर सिलिंडर बसतो तिथे, एक दांडा बाहेर डोकावतो. त्याच्यावर गंज होता. हाताने ओढला तर चक्क निघाला. बरं झालं, म्हटलं, नीट घासता येईल. घासला, पुसला, परत आत सारला. कुठे काही अडलं नाही. सगळं इतकं सहज झालं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग जोडणी, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, आणि आमटी.

त्या संध्याकाळी मी गाडी परत आणून लावली आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिलो. पेडल वर होतं, टणक होतं, गळती नव्हती. नुसतं शहाणपण नव्हतं त्याच्यात. अर्धा इंच काहीच नाही आणि मग सगळंच. मधलं काही नाही. दिवा लावायच्या बटणासारखं.

बूस्टरच्या आत, पडद्याच्या मध्यभागी, एक रबराची चकती असते. रिअ‍ॅक्शन डिस्क म्हणतात तिला. काळी, जाडसर, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडी लहान. तिच्या एका बाजूला तो पुढचा दांडा टेकतो. दुसऱ्या बाजूला दोघे जण टेकतात: मधोमध पेडलकडून आलेली बारीक दांडी, म्हणजे आपला पाय, आणि तिच्या भोवतीच्या कड्यावर पडद्याचा जोर, म्हणजे हवा. ही चकती चिकटवलेली नसते, खाचेत नुसती बसलेली असते. दांडा बाहेर ओढला की ती सुटते आणि आतल्या अंधारात कुठेतरी पडते. माझी तशीच पडली होती.

आता ती करते काय? रबर दाबलं तर लहान होत नाही, फक्त जागा शोधतं. कणीक मुठीत आवळली की बोटांच्या फटींतून येते तसं. हवेने कड्यावर जोर दिला की चकती मध्यभागी फुगते आणि आपल्या पायाच्या दांडीला मागे ढकलते. ती दांडी मागे सरली की हवेची झडप मिटते आणि जोर तिथेच थांबतो. आणखी जोर पाहिजे? आणखी दाबा. झडप पुन्हा उघडते, हवा थोडी आत येते, चकती पुन्हा फुगते, पुन्हा तुम्हाला ढकलते. पाय किती आणि हवा किती, याची वाटणी त्या चकतीच्या मधल्या आणि कडेच्या क्षेत्रफळांवर ठरते. चाकाशी काय चाललंय याची पायाला जी खबर लागते ती तिच्यामार्फत. ती नसली की तिच्या जागी पोकळ फट उरते. पाय टेकला की झडप उघडते, आणि मागे ढकलणारं कोणीच नसल्यामुळे उघडीच राहते. हवा शिरते ती शिरतच राहते, सगळेच्या सगळे अडीचशे किलो. हवेला कोणी पुरे म्हणत नाही.

मी आयुष्यभर समजत होतो की पेडल पायाला जो विरोध करतं तो ब्रेकचा दोष आहे, आणि बूस्टर तो कमी करण्यासाठी आहे. पण तो विरोध मुद्दाम बसवलेला. नुसती ताकद द्यायची असती तर एक पडदा आणि एक झडप पुरली असती. कोणीतरी बसून विचार केला असणार की माणसाला मदत तर करायची, पण त्याला आपण किती जोर लावला हे कळलंही पाहिजे. मामांना ते ड्रमांतून थेट कळत होतं, गुडघ्यातून. मला ते रबराच्या एका सोंगटीतून कळणार होतं, आणि ती मी हरवली होती.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच उलटं आसन. बूस्टर बाहेर. पुढचं सील काढून टॉर्च मारला तर चकती पडद्याच्या कडेशी उभी, भिंतीला टेकून बसलेल्या पोरासारखी. भोक दांड्यापुरतं. लोखंड असतं तर लोहचुंबकाने आली असती. बूस्टर उभा केला, आडवा केला, हलवला, लांब स्क्रूड्रायव्हरने ढोसलं. चकती खाचेपर्यंत यायची आणि काठावरून घसरायची. शेवटी विणकामाची सुई आणि स्क्रूड्रायव्हर अशा दोघांच्या मदतीने ती एकदाची आत बसली. बसल्याचा आवाजही झाला, अगदी बारीक, टप्. मग दांड्याच्या टोकाला सिलिकॉनचा एक ठिपका लावून तो तिच्यावर टेकवला आणि रात्रभर बूस्टर तोंड वर करून तसाच ठेवला. हा इलाज माझा नाही. झेडवाले पन्नास वर्षं हीच चकती पाडतायत आणि अशीच चिकटवतायत.

एक मोजमाप राहिलं होतं. बूस्टरचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात केसभर फट लागते, अर्धा मिलिमीटर म्हणा. फट जास्त झाली तर पेडलची चाल वाया. फटच नसली तर जास्त वाईट, कारण पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो, ऑइलला परत जायची वाट मिळत नाही, ब्रेक स्वतःच लागत जातात आणि तापतात. इथले लोक ही फट मुलांच्या खेळातल्या मातीने मोजतात. आमच्याकडे मुलं मोठी झाली, माती उरली नाही. मी स्वयंपाकघरातून पोळीच्या कणकेची एक गोळी आणली, दांड्याच्या टोकावर ठेवली, मास्टर सिलिंडर लावला, आवळला, परत काढला. कणीक चपटून जी पापडी झाली तिची जाडी मोजली. पहिल्यांदा दीड मिलिमीटर. दांड्याचं टोक थोडं फिरवून पुन्हा. तिसऱ्या गोळीला जमलं.

"तू कणीक घेऊन गॅरेजमध्ये काय करतोस?" आतून विचारणा झाली.

मी सांगितलं. त्यानंतरचे शब्द इथे देत नाही.

हवा काढायला मात्र तीच आली. या कामाला दोन माणसं लागतातच, एक चाकाशी आणि एक पेडलवर. लांबच्या चाकापासून सुरुवात. "दाब... धर... सोड." नळीतून बुडबुडे येतात, मग कमी होतात, मग नुसतं स्वच्छ पिवळसर ऑइल. "दाब... धर... धर म्हटलं ना!" "धरलंय!" पंचवीस वर्षांच्या संसारात याहून स्पष्ट संवाद आमच्यात क्वचित झाला असेल.

शेजारच्या गल्लीत एकाकडे १९६६ची मस्टँग आहे. तो मध्येच येऊन गेला. त्याचं दुखणं उलटं. त्याने ताकदीसाठी इंजिनला जास्त जोराचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, घातला, झडपा जास्त वेळ उघड्या राहायला लागल्या, आणि मंद चालीला इंजिनची ओढ दहा इंचांवर आली. सिग्नलला उभं असताना त्याचा ब्रेक लाकूड होतो. मी त्याला म्हटलं, पळायला जितकं दिलंस तितकं थांबण्यातून काढलंस. त्याने शेवटी विजेवरचा पोकळीचा पंप बसवला, तो ब्रेक दाबला की घुर्रर करतो. स्टिअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालणारा हायड्रोबूस्टही मिळतो, आणि तो इंजिनच्या ओढीवर अवलंबून नसतो. पण माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंगच नाही, त्यामुळे तो मोह झालाच नाही.

तिसऱ्या शनिवारी सकाळी एकटाच निघालो. सॅराटोगापासून हायवे नऊने वर, रेडवुडच्या सावलीतून, स्कायलाइनच्या नाक्यापर्यंत. तिथे गाडी फिरवली आणि उतरायला लागलो. सेकंडमध्ये. कारण ज्या गिअरात चढलो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन गाडीला अडवतं आणि त्याच वेळी, श्वास कोंडल्यामुळे, हवा जोरात ओढतं. मीटरवरचा काटा बावीसच्या पुढे गेला. म्हणजे मामांच्या त्या नियमाने ब्रेकचं काम तर हलकं होतंच, वर बूस्टरलाही भरपूर पोकळी मिळते. मामांच्या गाडीला बूस्टर नव्हता, त्यामुळे हा दुसरा फायदा त्यांच्या हिशेबात कधी आलाच नाही.

पहिलं वळण. पाय टेकवला. काही नाही, मग थोडंसं, मग जितकं मागितलं तितकं. आणखी दाबला तर पेडलने पायाला उलट दाबलं, हळूच, ओळखीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवावा तसं. चाक ओल्या पानांवर जरासं सरकलं तेही तळव्याला कळलं. खाली येईपर्यंत मी गरज नसतानाही सारखा ब्रेक दाबत होतो. मागच्या गाडीवाल्याला मी वेडा वाटलो असणार. सॅराटोगात पोचल्यावर चारी चाकांना हात लावून पाहिला. पुढची दोन्ही सारखीच गरम, मागची कोमट. म्हणजे कणकेचं माप बरोबर होतं.

घरी आल्यावर मामांना फोन लावला. कॅलिपर, बोअर, पडदा, चकती, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तीन आठवडे खपून तू आमच्या फियाटसारखा ब्रेक केलास," म्हणाले.

रविवारी बायको म्हणाली, आण किल्ली, आज मी चालवते. आमटीचा डबा यावेळी माझ्या मांडीवर. मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, हे तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. पहिला चौक, दुसरा चौक. तिसऱ्या चौकात पाटी आली. गाडी हळू होत गेली, आणखी हळू, आणि पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली. डब्यातली आमटी हलली असेल तर आतल्या आत.

मी वाट बघत राहिलो. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, इंडिकेटरची दांडी खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"डावा सिग्नल लागत नाहीये," ती म्हणाली.